तिफणीला आडवी

वऱ्हाडात मला विचारला गेलेला पहिला प्रश्न असा होता: "शिस्टर, तुमचे मालक कायनं वारले?"

विचारणारी कौसाबाई, आमच्या मठाची स्वयंपाकीण. मी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरले होते, शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेच्या चिमुकल्या डब्यात दुपारभर भाजून निघाले होते आणि स्टेशनापासून पेटी डोक्यावर घेऊन दारात पोचले होते. तिने पेटी उतरवून घेतली, पाण्याचा तांब्या पुढे केला, मला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं आणि हे विचारलं. मी म्हटलं, अहो बाई, माझं लग्नच झालेलं नाही. मी व्रत घेतलेली धर्मभगिनी आहे, नर्सिंग शिकलेय, इथल्या दवाखान्यात काम करायला आलेय. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग?" मी पाणी प्यायले आणि घोट तोंडातच राहिला, कारण पाणी खारट होतं.

वसईच्या माणसाला वऱ्हाड म्हणजे परदेश. आमच्या घरी खरा परदेशात गेलेला माझा मामा होता, कुवेतला. त्याची कोणाला काळजी नसे. तो विमानाने जायचा आणि येताना साबण आणायचा. पण मला वरिष्ठांनी अमरावती-अकोल्याच्या मधल्या एका खेड्यात धाडलं, तेव्हा आई चुलीपुढे बसून रडली. "तिकडे मासळी मिळत नाही म्हणतात, मग माणसं खातात काय?" हा तिचा प्रश्न होता, आणि तो माझाही होता. तिने सुक्या बोंबलांची एक पुरचुंडी माझ्या पेटीत कपड्यांच्या तळाशी घातली. माझी बायबलची प्रत, माझी पांढरी लुगडी, सगळ्याला तो वास लागला. कौसाबाईने पेटी उघडली तेव्हा पदर नाकाला लावून ती अंगणात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माय वं, यात काय मरून पडलं?" मी मात्र पुढचे काही दिवस ती पुरचुंडी उशाशी ठेवत होते. हसा खुशाल. बाविशीतल्या मुलीला परक्या मुलखात आईचा वास म्हणून जे मिळेल ते चालतं.

घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे दवाखाना, मागे न्हाणी आणि एक विहीर. विहीर भरून पाणी आणि थेंब पिण्याजोगा नाही. तो सगळा पट्टाच खाऱ्या पाण्याचा. त्या पाण्यात डाळ शिजत नसे, चहात ते घातलं की दूध फाटे. पिण्याचं पाणी लांबून बैलगाडीवरच्या टाकीतून येई आणि त्या कोरड्या सालांत तीही कधी येई, कधी नाही. मी मात्र पहिल्या आठवड्यात चोरून त्या विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावायचे. डोळे मिटले की समुद्र आठवायचा. उघडले की समोर काळी भेगाळलेली जमीन, बाभळी, आणि उन्हाने थरथरणारी हवा. आमच्याकडे कान कधी रिकामा नसतो. लाट असते, नारळाची झावळी असते, चर्चची घंटा असते. इथे दुपारी गावच्या पिठाच्या गिरणीची पुकपुक चाले, आणि ती थांबली की अशी शांतता पडायची की मला स्वतःच्या छातीतले ठोके ऐकू येत. आता मी इथलीच झाले आहे. अमरावतीत म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरात राहते. मधे वसईला जाऊन आले तर समुद्राच्या गोंगाटाने झोप लागेना. पण तेव्हा त्या शांततेची मला धास्ती बसली होती.

घरात आम्ही दोघीच, मी आणि मदर. माझ्याआधी दवाखाना बघणारी सिस्टर सत्तरीची होती, ती आजारी होऊन परत गेली म्हणून मला आणलं. मदर मंगळूरच्या. वऱ्हाडात त्यांची कित्येक वर्षं गेली होती तरी मराठीत त्या स्वतःला पुरुषच समजत. "मी जेवला," "मी दमला," असं बोलायच्या. तोंडाने कडक, मनाने भाबड्या. जेवायला ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी, कधी वांग्याची भाजी, कधी कढीत सोडलेले डाळीचे गोळे. कौसाबाईचा हात तिखटाला सैल. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तर ती मदरना म्हणाली, "हे पोट्टी टिकत नाई." तिने ते मला ऐकू जाईल असंच म्हटलं होतं.

भीती कशाकशाची वाटायची? विंचवाची वाटे. बोलीची वाटे, "काऊन", "कायले", "करून राहिली", सगळं डोक्यावरून जाई आणि प्रत्येक वाक्य मला दरडावल्यासारखं लागे. पण खरी भीती वाटायची ती गावातल्या बायांची. मदर दवाखान्यात बसल्या की बाया येत, पोरं दाखवत, हसत-बोलत. मी बसले की ओटा रिकामा. मी गल्लीतून निघाले की बोलणी थांबत. एका घरी तान्हं बाळ बघायला वाकले तर त्या आईने पदराखाली बाळ असं ओढून घेतलं, जणू मी त्याला चावणार होते. मी समजले, हे आपल्या धर्मावरून आहे. यांना आपण नको आहोत. आज ना उद्या कोणी दगड मारेल. मिशनरी म्हणजे देवाचं नाव चारचौघांत घेणारा, असं आम्हाला शिकवलेलं. मी त्या आठवड्यांत देवाचं नाव पुष्कळ घेतलं, पण ते सगळं घाबरून आणि मनातल्या मनात.

त्यातच मला शोभा दिसली. पुंडलिकभाऊ नावाचे गावातले एक शेतकरी, त्यांची ही सून. पहिलटकरीण, विशीचीही नसेल. माहेरी आई नव्हती म्हणून बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. ती टाकीच्या पाण्यासाठी सासूबरोबर रांगेत उभी होती आणि माझी नजर तिच्या पायांवर गेली. घोटे दिसतच नव्हते, पाय खांबासारखे सुजलेले. मी जवळ जाऊन म्हटलं, तुझा रक्तदाब बघायला हवा, दवाखान्यात येशील? ती काही बोलायच्या आत सासू अंजनाबाई मधे आली. बुटकी, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिने सुनेचा दंड धरला, घागर अर्धी भरलेली तशीच उचलली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चाल वं." मी परत आले आणि त्या पायांचं चित्र डोळ्यांपुढून हलेना. आम्हाला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई सांगायच्या, पोटुशीचे नुसते पाय सुजले तर थांबून बघा. हाततोंड सुजलं, डोकं दुखायला लागलं, तर थांबू नका. पुढे झटके येतात आणि मग आई जाते, नाहीतर मूल जातं, नाहीतर दोघं.

मृगाचा एक बरासा पाऊस होऊन गेला आणि गाव पेरणीला लागलं. मला पेरणीतलं काय कळणार? आमच्याकडे केळीच्या बागा, पानवेली. त्या सकाळी मी पलीकडच्या वस्तीवर एका म्हाताऱ्याची जखम बांधायला औषधाची पेटी घेऊन निघाले होते. पांदीतून, म्हणजे शेतांमधल्या अरुंद गाडीवाटेने, पुंडलिकभाऊ येत होते. पुढे बैलजोडी, शिंगांना नवे गोंडे, गळ्यात घुंगरमाळा, आणि मागे तिफण, म्हणजे ज्वारी पेरायचं तीन फणांचं औत. तिला हळदकुंकू लावलेलं, दोऱ्याने हिरवी पानं बांधलेली. मागून अंजनाबाई बियाण्याची टोपली घेऊन. मला ते सगळं इतकं सुंदर वाटलं की काय सांगू! मी मनाशी म्हटलं, हसरं तोंड करू, ओळख होईल. मी पांद ओलांडून त्यांच्या बैलांपुढून या बाजूची त्या बाजूला गेले, हात जोडले आणि म्हटलं, "नमस्कार भाऊ, पेरणीला निघालात?"

कोणी नमस्कार घेतला नाही. पुंडलिकभाऊंनी कासरा ओढला. बैल थांबले, घुंगरं थांबली. अंजनाबाईने टोपलीवर पदर टाकला. भाऊ माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. त्यांचं तोंड सुकलं होतं. मग त्यांनी त्या अरुंद पांदीत मोठ्या कष्टाने बैल वळवले, तिफण फिरवली आणि सगळे आले तसे घरी गेले. मी हात जोडलेलेच तिथे उभी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेरलं. आणि पाऊस गेला. आज येईल, उद्या येईल करत आभाळ रोज कोरडं निघायचं. शेतात कोंब जळायला लागले. फक्त त्यांचे नव्हे, सगळ्या गावाचे, सगळ्या तालुक्याचे. पण गाव पांदीतल्या त्या सकाळवर येऊन थांबलं. एके सकाळी आमच्या फाटकापाशी काळं मडकं फोडलेलं, त्यात लिंबू, वर कुंकू. कौसाबाईने ते केरसुणीने लोटून दूर टाकलं आणि आत येऊन, भाकरी थापता थापता, मला सांगितलं. "म्या तुमाले पयल्याच दिवशी इचारलं होतं. थे म्हातारी शिस्टर पांढऱ्या लुगड्यात राहे, आमच्या मदर राह्यते, त्याइचं कोनाले काई वाटत नाई. म्हाताऱ्या हायेत. पन तुमी? एवढी ज्वान पोट्टी, पांढरं लुगडं, कपाळ कोरं, हात भुंडे. लोक म्हन्तेत, लगन झाल्याबरोबर नवऱ्याले खाल्लं असंन. अशी बाई तिफनीले आडवी गेली तं पानी येईन का?" ती स्वतः विधवा होती. तिने ते काहीही वाईट न वाटता सांगितलं, वाट कुठे वळते ते सांगावं तसं. "मी बी पेरनीच्या दिवसात भाइर निंघत नाई," म्हणाली, आणि भाकरी उलटली.

मला आधी हसू आलं. खरंच. धर्मावरून वाटलं होतं, निघालं लुगड्यावरून. मग हसू गेलं, कारण धर्माचं असतं तर मी वाद घालू शकले असते. ज्या बाया माझ्यापासून बाळं लपवत होत्या त्या माझा द्वेष करत नव्हत्या, त्या मला भीत होत्या. मी त्यांना, त्या मला. आणि या सगळ्याच्या मधे ती सुजलेल्या पायांची पोर, जिच्या घरी गावात सगळ्यांत आधी माझ्यावर दार लागणार. मदरना मी म्हटलं, मला परत पाठवा, माझ्यामुळे तुमचंही काम बुडेल. मदर जपमाळ ओढत होत्या. म्हणाल्या, "तू भितो तर मी काय करू? मी पण भितो." एवढं बोलून त्या पुन्हा जपाला लागल्या. मला तेव्हा त्यांचा फार राग आला. शोभाला तपासायला त्या स्वतः एकदा गेल्या, तर अंजनाबाईने दारातच चहा दिला आणि सून झोपली आहे म्हणून सांगितलं. त्या चहा पिऊन परत आल्या. आम्ही एकाच घरच्या दोघी, आता विटाळ दोघींनाही लागला होता.

अशात एका दुपारी हमीदाखाला आली. हमीदाखाला मनियारीण, बांगड्या भरणारी. अकोटहून माल आणायची आणि टोपली डोक्यावर घेऊन दहा गावं फिरायची. हिंदू असो, मुसलमान असो, पाटील असो, मजूर असो, तिला आतल्या खोलीपर्यंत वाट मोकळी. लग्न, सण, डोहाळे, सगळ्या घरांतले हात तिच्या हातातून गेलेले. आमच्या ओसरीत ती सावलीपुरती टेकायची, कारण आम्ही गिऱ्हाईक नव्हतो, तर आमच्याशी घासाघीस करावी लागत नसे. त्या दिवशी ती टोपली उतरवून बसली पण पाणी प्यायली नाही.

"बेटी, एक बात सांगते," म्हणाली. "पुंडलिकच्या सुनेले हिरव्या बांगड्या भराले बोलावलं होतं. आता नववा लागला ना तिले. तिचा माप मले मालूम हाय, लग्नात म्याच भरल्या होत्या. आज दोन माप मोठी घेतली तरी चढत नाई. साबन लावलं, तेल लावलं. हात असा फुगला, बोट दाबलं का खड्डा पडते. आन पोट्टी म्हन्ते, खाला, तुमी मले दोन-दोन दिसून राहिल्या."

मी उठून उभी राहिले. डोकं दुखतं म्हणते का, विचारलं. "कालपासून डोकं धरूनच बसली हाय," खाला म्हणाली. नवरा कुठे? खताच्या गाडीबरोबर अकोल्याला. मी औषधाची पेटी घेतली, पुन्हा खाली ठेवली. "मला आत घेणार नाहीत, खाला." खाला म्हणाली, "या हातांनं तं नाईच घेनार." आणि तिने माझा हात धरला, उलटा केला, अंगठा आत दाबून मुठीचा अंदाज घेतला, जसा ती हजार बायांचा घेत असेल, आणि टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, शोभासाठी आणलेल्याच, तिच्या जुन्या मापाच्या.

आमच्या व्रतात दागिना नाही. काचेचाही नाही. गळ्यातला क्रूस तेवढा. मी आत मदरकडे गेले, सगळं सांगितलं आणि उभी राहिले. मनात म्हणत होते, नाही म्हणा. तुम्ही नाही म्हटलं की माझी सुटका. मदर माझ्या मनगटांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बांगडी घाल. लग्न झाला असं खोटं सांगू नको." मी ओसरीत येऊन खालापुढे बसले. तिने भराभर चढवल्या, दोन्ही हात भरून. आईने लहानपणी चर्चच्या जत्रेत घेऊन दिल्या होत्या, त्यानंतर पहिल्यांदाच हात वाजत होते. लाज वाटली आणि छान वाटलं, दोन्ही खरं. कुंकवाची डबी खालाने काढली नाही, मी मागितली नाही.

गल्लीतून खाला पुढे, मी मागे. बांगड्या वाजत होत्या आणि दारं उघडत होती. अंजनाबाई आपल्या दारात उंबऱ्यावर उभी होती, दोन्ही बाजूंच्या चौकटी धरून. आतून शोभाचं कण्हणं ऐकू येत होतं. अंजनाबाईने माझ्या हातांकडे बघितलं, कपाळाकडे बघितलं, पुन्हा हातांकडे.

"कोनाच्या नावानं भरल्या?" तिने विचारलं.

काय उत्तर देणार? येशूच्या नावाने म्हणावं तर तेही एका अर्थी खरं होतं, पण त्या दारात ते मला प्रचार केल्यासारखं वाटलं, आणि तिला थट्टा वाटली असती. नवरा आहे म्हणावं तर खोटं. आतून पुन्हा कण्हणं आलं आणि माझ्या तोंडून निघालं, "तुमच्या सुनेच्या नावानं."

त्या बाईचे डोळे मला अजून दिसतात. ती खूप घाबरलेली होती, इतका वेळ मला ते दिसलंच नव्हतं. घरात आई नसलेली दुसऱ्याची लेक, मुलगा गावात नाही, शेतात बियाणं जळलेलं, आणि दारात मी. तिने एक चौकट सोडली. मग दुसरी.

रक्तदाब बघितला आणि मीच घाबरले, काटा तिथवर गेलेला मी शिकतानाही पाहिला नव्हता. मी इंजेक्शन भरत असतानाच शोभाचे डोळे वर गेले आणि पहिला झटका आला. दातांमध्ये फडकं धरलं, कुशीवर वळवलं, सुई टोचली. हात शिकल्याप्रमाणे चालले, मी मात्र कुठेतरी लांब उभी राहून रडत होते असं आठवतं. पुंडलिकभाऊंनी कोणी सांगायच्या आधीच गाडी जुंपली होती. तीच बैलजोडी. शिंगांचे गोंडे अजून तसेच. अंजनाबाई आणि मी शोभाला घेऊन गाडीत, खाला गल्लीतच राहिली. डांबरी सडकेवर अमरावतीची एसटी हात करून थांबवली. कंडक्टरने एकदा शोभाकडे बघितलं आणि मागची लांब सीट रिकामी करवली. त्यानंतर ती गाडी एकाही थांब्यावर थांबली नाही आणि एकाही उतारूने कुरकुर केली नाही.

दुसरा झटका बसमध्ये आला. मी तिला दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं, तिने माझी मनगटं पकडली. त्या पकडीत किती जोर असतो ते ज्याने सोसलंय त्यालाच कळेल. बांगड्या कडाकड मोडल्या. माझं रक्त माझ्या पांढऱ्या लुगड्यावर, तिच्या हिरव्या लुगड्यावर. माझ्या तोंडून निघालं, "फुटल्या." अंजनाबाई सुनेचे पाय मांडीवर घेऊन बसली होती. ती एकेक तुकडा वेचून पदरात घेत होती आणि मला दटावत होती, "फुटल्या म्हनू नाई वं बाई. वाढल्या म्हनाव. पोट्टी जित्ती हाय." मी म्हटलं, "वाढल्या." अमरावती येईपर्यंत ती माझ्याकडून ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होती.

इस्पितळात मुलगी झाली. एवढीशी, मांजराच्या पिलासारखी. शोभा पुष्कळ दिवस तिथेच होती, पण वाचली. दोघी वाचल्या. माझ्या डाव्या मनगटावर आडवी पांढरी रेघ आहे, थंडीत अजून ठणकते. उरल्यासुरल्या दोन बांगड्या मदरनी साबण लावून काढल्या आणि त्याबद्दल आयुष्यात पुन्हा एक शब्द बोलल्या नाहीत. पण त्या जपाला बसल्या की माझ्या मनगटाकडे बघायच्या.

एवढ्याने माझी भीती गेली असेल असं तुम्हाला वाटलं तर तुम्ही कधी खरं घाबरला नाहीत. उलट वाढली. आता त्या घराचं माझ्यावर काही ओझं होतं, माझं त्यांच्यावर; माझ्यामुळे त्यांचं पुन्हा काही बिघडलं तर, ही धास्ती. पुढे थोडा पाऊस शिंपडून गेला आणि ज्यांच्याकडे बियाणं होतं ते दुबार पेरायला निघाले. मी सकाळी बाहेर पडणंच बंद केलं होतं. निघावंच लागलं तर परसामागून, काट्याकुट्यातून जायचे, कोणाच्या पुढ्यात येऊ नये म्हणून. तशीच एकदा वस्तीवर चालले होते आणि पांदीकडून घुंगरं ऐकू आली. मी होते तिथे बाभळीच्या मागे दडले. पांढरं लुगडं ते, बाभळीमागे काय लपणार? तरी अंग चोरून, श्वास धरून उभी राहिले.

घुंगरं जवळ आली आणि थांबली. "शिस्टर," पुंडलिकभाऊंचा आवाज, "भाइर या."

मी म्हटलं, "तुम्ही जा भाऊ पुढे. मी मागून जाते."

"नाई. तुमी पयले जा. आमच्या म्होरून जा."

मी बाहेर आले. तिफण तशीच सजवलेली, पण बियाण्याची टोपली या वेळी लहान. अंजनाबाईच्या छातीशी फडक्यात गुंडाळलेली नात होती. "भाऊ, कशाला?" मी म्हटलं. "हात बघा माझे." आणि मी माझी भुंडी मनगटं त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती बघितली. मग कासऱ्याचा आणखी एक वेढा हाताला घेतला. त्यांचा सगळा हंगाम त्या टोपलीत होता. त्यांचा विश्वास बसला होता म्हणून ते मला बोलावत होते असं मला वाटत नाही. ते भीत होते, आणि तरी बोलावत होते. "जा न माय," ते म्हणाले. "ऊन होऊन राह्यलं."

मी पांद ओलांडली. या बाजूची त्या बाजूला. चार पावलांची वाट. मागे बघितलं नाही. ओलांडून झाल्यावर पाठीमागे घुंगरं वाजायला लागली आणि शेताच्या दिशेने गेली.

त्या साली पीक काही आलं नाही. पाऊस पुन्हा पळाला, त्यांचंही गेलं, सगळ्यांचंच गेलं. मी पुन्हा मडक्याची वाट बघत होते. रोज सकाळी कौसाबाईच्या आधी उठून फाटकाशी जाऊन बघायचे. काही नसायचं. दुकानात, पाण्याच्या रांगेत, कोणी माझं नाव काढलं नाही. कौसाबाईला मी न राहवून विचारलं, तर ती म्हणाली, "पुंडलिकभाऊ म्हन्ते, पानी नाई आलं तं नाई आलं. त्यात तिचा काय गुन्हा?"

पुढच्या वर्षी मृग लागला. पहाट नुकती उजाडली होती, मी चूल पेटवत होते, आणि घुंगरं आमच्या फाटकाशी येऊन थांबली. पुंडलिकभाऊ तिफण घेऊन उभे होते. हाक मारत नव्हते, नुसते थांबले होते. मदर खिडकीतून म्हणाल्या, "जा. तो वाट बघते." मी भीत भीत चपला घातल्या आणि बैलांच्या पुढे जाऊन उभी राहिले.